विमान निवडायचे तर आधी चाके बघा

१९४२ साली ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने बेळगावजवळच्या सांबऱ्याला धावपट्टी बांधली, तेव्हाची लढाऊ विमाने जमिनीच्या बाबतीत फारशी नखरेल नव्हती. स्पिटफायर, हरिकेन यांना गवत कापून सपाट केलेले मैदानही चालायचे. आज त्याच सांबऱ्याची धावपट्टी २३०० मीटर लांब आहे, तिथे प्रवासी विमाने येतात-जातात, शेजारी हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. पण आजचे एखादे लढाऊ विमान त्या जुन्या पद्धतीच्या गवतावर उतरवायचे म्हटले, तर बहुतेकांची चाके रुतून मोडतील. इंजिनांची ताकद कितीतरी पटींनी वाढली, आणि विमाने मात्र जमिनीशी भांडकुदळ होत गेली.

या विषयावर बोलणाऱ्यांची आपल्या भागात वानवा नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एकसची वसाहत, आणि खानापूरपासून निपाणीपर्यंत गावोगाव निवृत्त जवान. मे २०२५ मधल्या भारत-पाक संघर्षानंतर तर कट्ट्याकट्ट्यावर आपले राफेल आणि पाकिस्तानचे चिनी जे-१० यांची तुलना चालली होती. कुणाचे रडार लांबचे बघते, कुणाचे क्षेपणास्त्र किती किलोमीटर जाते, सगळे तोंडपाठ. हे विमान उतरणार कुठे, हे विचारणारा मात्र मला कुणी भेटला नाही. ज्या देशाच्या धावपट्ट्या खराब आहेत, किंवा चांगल्या आहेत पण युद्धाच्या पहिल्याच रात्री फुटणार आहेत, त्याला विमान घेताना सुरुवात इथूनच करावी लागते.

इथे एक घोळ नेहमी होतो. ‘खराब धावपट्टी’ म्हटले की सगळे एकाच डोळ्याने बघतात. पण धावपट्टी मऊ असू शकते, आखूड असू शकते, खडीने भरलेली असू शकते, बॉम्बने फुटलेली असू शकते, किंवा उत्तम असूनही लेहसारख्या उंचीवर असू शकते. प्रत्येक दुखण्याचे औषध वेगळे, आणि एकाचे औषध दुसऱ्याला कधीकधी बाधतेसुद्धा.

मऊ जमीन आणि टणक टायर

लढाऊ विमानाचे पंख पातळ असतात आणि पोट इंजिन-इंधनाने भरलेले असते. चाक आत ओढून घ्यायला जागा उरते ती जेमतेम. म्हणून चाक लहान ठेवावे लागते, आणि लहान चाकावर इतके टन पेलायचे म्हणून टायरमधली हवा प्रचंड दाबाची असते. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो. लढाऊ विमानांत २०० ते ३०० पीएसआय ही नेहमीची गोष्ट.

हिशेब करून बघा. टायर जमिनीला जेवढा दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. मागच्या दोन चाकांवर मिळून १० टन भार आणि हवा ३०० पीएसआय असेल, तर दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकतात सुमारे ४७० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका चाकाखाली साधारण १५ सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा आणि त्यावर ५ टन. काँक्रीट हे सोसते, ओला मुरूम सोसत नाही. पावसाळ्यात उसाच्या फडात ट्रॅक्टर चालतो आणि त्याच वाटेने आणलेली मोटारसायकल रुतते, ती याच कारणाने.

दुसऱ्या महायुद्धात यावर तोडगा निघाला तो भोके पाडलेल्या पोलादी पत्र्यांचा. एकमेकांत अडकवत गेले की चिखलावर पट्टी तयार. आपल्याकडे अरुणाचलातल्या जुन्या उतरण्याच्या जागांवर असे पत्रे बरीच वर्षे होते. मालवाहू विमानांचे त्यावर भागायचे. जेट लढाऊ विमानासाठी मात्र विमानाचे पायच वेगळे करावे लागतात, आणि याचे उत्तम उदाहरण आपल्याच हवाई दलात आहे.

जग्वार हे विमान ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून बनवले. मोठे हवाई तळ युद्धात टिकणार नाहीत असे धरूनच त्याची आखणी झाली होती. मागच्या प्रत्येक पायाला दोन-दोन चाके, टायर कमी दाबाचे, पंख वरच्या बाजूला आणि पोट जमिनीपासून चांगले उंच. एप्रिल १९७५ मध्ये ब्रिटनमधला एम-५५ महामार्ग वाहतुकीला खुला होण्याआधी जग्वार तिथे उतरले आणि बॉम्ब लादून तिथूनच परत उडाले. भारताने १९७९ पासून ते घेतले, ‘शमशेर’ असे नाव दिले, पुढे एचएएलने इथेच बनवले. आज जगात ते फक्त भारताकडे उरले आहे. त्याच्या अंगात ताकद कमी, ही तक्रारही तितकीच जुनी. दणकट पाय फुकट मिळत नाहीत. जमिनीवर ते विमानाला वाहतात आणि हवेत विमान त्यांना वाहते.

मग नौदलाची विमाने घ्या, त्यांचे पाय सगळ्यांत मजबूत, असे सुचवणारा कुणीतरी भेटतोच. अर्धे खरे आहे. जमिनीवरचे लढाऊ विमान उतरताना सेकंदाला तीनेक मीटर खाली येईल असे धरून बांधतात, तर जहाजावर उतरणारे सहा-सात मीटर. म्हणून एफ-१८ किंवा राफेलची नौदल आवृत्ती उंचसखल पट्टीवर आपटली तरी पाय सहज मोडणार नाही. पण जहाजाची डेक पोलादी असते, त्यामुळे या विमानांच्या टायरमध्ये दाब आणखी जास्त ठेवतात. आपटणे सोसणारा पाय चिखलावर तरेलच असे नाही.

खडी

माझ्या मते खराब धावपट्टीचा सगळ्यांत मोठा शत्रू खड्डा नसून खडी आहे. खड्डा दिसतो. खडी दिसत नाही, आणि ती इंजिनात जाते.

आपल्या तेजस या हलक्या लढाऊ विमानाचे एफ-४०४ इंजिन पूर्ण जोरात सेकंदाला ७० किलोच्या आसपास हवा ओढते. म्हणजे ५८ घनमीटर, दर सेकंदाला. सुखोई-३० च्या दोन इंजिनांपैकी प्रत्येक जण ११० किलोच्या आसपास. आत पहिल्या पंख्याची पाती मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. त्यात बोराएवढा खडा गेला तर नेहमी स्फोट होतो असे नाही. बऱ्याचदा पात्याच्या धारेला एक खाच पडते, विमान नीट परतते आणि कुणाला काही कळत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम केलेल्याला पुढचे सांगायला नको: धातूत टोकदार खाच राहिली की भेग तिथूनच निघते. म्हणून तंत्रज्ञ बारीक कॅमेऱ्याची नळी इंजिनात घालून पाती तपासतात. खाच लहान असेल तर घासून गोलसर करतात, मोठी असेल तर इंजिनच उतरवतात. एवढ्यासाठीच जगभरच्या हवाई तळांवर माणसे रांग धरून धावपट्टीवरून चालत जातात आणि खडा, स्क्रू, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलतात. कोट्यवधींच्या यंत्राचे आयुष्य या झाडलोटीवर असते.

खडा इंजिनात जातो तो दोन वाटांनी. एक म्हणजे पुढच्या चाकाने उडवलेला. दुसरी वाट जास्त विचित्र आहे: इंजिन जोरात ओढू लागले की त्याच्या तोंडाखाली जमिनीपर्यंत हवेचा एक छोटा भोवरा तयार होतो आणि तो खडा वर उचलतो. एफ-१६ मध्ये पुढचे चाक इंजिनाच्या तोंडाच्या मागे ठेवले आहे, त्यामुळे चाकाने उडवलेली खडी आत जात नाही. पण ते तोंड पोटाखाली, जमिनीच्या जवळ आहे, आणि भोवऱ्याला तेवढे पुरते. अमेरिकेला स्वच्छ, लांब-रुंद तळांची सवय असल्याने तिथे हे खपून गेले.

रशियन अभियंत्यांनी दुसरा विचार केला. मूळ मिग-२९ जमिनीवर असताना त्याची पुढची तोंडे झडपांनी बंद होतात आणि पंखाच्या मुळाशी, वरच्या बाजूला असलेल्या फटींतून हवा आत जाते. वेग घेतल्यावर झडपा उघडतात. सुखोई-२७ आणि त्याच्या वंशातल्या सुखोई-३० मध्ये तोंडाच्या आत बारीक जाळी वर येते आणि उडाल्यावर खाली बसते. पुढच्या चाकाला चक्क मडगार्ड. अमेरिकेच्याच ए-१० ने आणखी सोपे केले: इंजिने शेपटीजवळ, पाठीवर, खडीपासून लांब. फक्त ते विमान संथ आहे, जमिनीवरचे रणगाडे मारायला केलेले. वेगवान लढाऊ विमानाला अशी पाठीवरची इंजिने परवडत नाहीत.

मिग-२९ ची ही झडप पाहिली की लोक भारावून जातात. पण पुढच्या मिग-२९एम आणि आपल्या नौदलाच्या मिग-२९के मध्ये रशियानेच वरच्या फटी काढून टाकल्या, त्याऐवजी जाळी बसवली आणि मोकळी झालेली जागा इंधनाला दिली. विमान थोडे कमी काटक झाले, पण लांब जाऊ लागले. निवड म्हणजे हेच असते.

रशियन विमाने ‘शेतातून उडतात’ ही आपल्याकडची लाडकी समजूतही जरा बाजूला ठेवावी. सुखोई-२५ सारखे हल्ल्याचे विमान कच्च्या पट्टीवरून चालवता येते, ते त्यासाठीच केले होते. मिग-२९ किंवा सुखोई-३० साठी ‘खराब धावपट्टी’ म्हणजे सांध्यांतून गवत उगवलेल्या काँक्रीटच्या लाद्या. चिखलाचे पाणी जाळी अडवत नाही. आणि पाऊस सरल्यावर डांबराची कड कशी सुटते, खडी कशी मोकळी होऊन रस्त्यावर पसरते, हे बेळगावकराला कुणी शिकवायची गरज नाही. डांबरावर विमानाचे इंधन सांडले तरी ते विरघळून खडी सुटते, म्हणून विमाने जिथे उभी राहतात तिथे काँक्रीट बरे.

पक्ष्यांचे संकट वेगळे, पण फळ तेच. जून २०१९ मध्ये अंबाल्याला जग्वारच्या एका इंजिनात पक्षी गेला. वैमानिकाने इंधनाच्या टाक्या आणि सरावाचे बॉम्ब टाकून दिले आणि दुसऱ्या इंजिनावर विमान सुखरूप उतरवले. दोन इंजिनांच्या बाजूचा हा खणखणीत मुद्दा आहे. विरुद्ध बाजूला दुप्पट देखभाल, दुप्पट सुटे भाग. आणि खडीचे म्हणाल तर ती दोन्ही इंजिनांना सारखीच लागते.

आखूड पट्टी, आणि आपला हायवे

उतरल्यावर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी २५० किलोमीटर वेगाने टेकलेले विमान बऱ्यापैकी ब्रेक लागले तर ८०० मीटरच्या आसपास थांबते. तोच वेग २०० वर आणला की ५१५ मीटर. ओल्या पट्टीवर ब्रेकची पकड निम्मी झाली तर २५० वाल्याला १६०० मीटर लागतात. म्हणून आखूड पट्टीसाठी विमान निवडताना कमाल वेगापेक्षा ते किती हळू उतरू शकते हे महत्त्वाचे.

स्वीडनने याच एका प्रश्नावर आपले हवाई दल उभे केले. शीतयुद्धात त्यांनी मोठ्या तळांभोवती रस्त्यांचे सरळ तुकडेच धावपट्ट्या म्हणून तयार ठेवले, सुमारे ८०० मीटर लांब आणि १७ मीटर रुंद. त्यांच्या जुन्या व्हिगेन विमानात तर उतरल्यावर इंजिनाचा झोत उलटा फिरवायची सोय होती. त्यांच्या आताच्या ग्रिपेन विमानात नाकाजवळचे छोटे पंख उतरल्यावर खाली कलतात, हवेचा ब्रेक लावतात आणि चाकांवर वजन दाबून ठेवतात. फिनलंडने वेगळी वाट धरली: नौदलासाठी बनलेले एफ-१८ घेतले, रस्त्यावर आडवी तार ताणली, आणि विमान शेपटीच्या आकड्याने ती पकडून थांबते.

आपल्याकडे मे २०१५ मध्ये मिराज-२००० यमुना एक्सप्रेसवेवर उतरले. पुढे आग्रा-लखनौ, पूर्वांचल, राजस्थानात बाडमेरजवळ आणि मे २०२५ मध्ये गंगा एक्सप्रेसवेवर अशा पट्ट्या झाल्या. त्यांची लांबी साधारण ३ ते साडेतीन किलोमीटर. जड सुखोईलाही तेवढी पुरते.

मग बेळगावजवळच्या पुणे-बेंगळूर महामार्गावर उतरेल का? हायवे दिसायला रुंद, पण मधला दुभाजक, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल आणि वरून गेलेल्या वीजवाहिन्या बघा. काकती-होनगा ओलांडले की पुढे वंटमुरीचा घाट, संकेश्वरच्या पुढे तवंदीचा. तीन किलोमीटर सरळ, सपाट, उघडे अंतर मिळवायला रस्ता बांधतानाच तसा बांधावा लागतो: दुभाजक काढता येणारा, खालचा थर जाड, बाजूला विमाने उभी करायची जागा. सुखोई-३० चे पंख एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १४.७ मीटर. तेजसचे ८.२. स्वीडनच्या १७ मीटर रुंदीच्या पट्टीवर यातले कोणते निवांत मावेल ते उघड आहे.

उंचीचे थोडक्यात. दर हजार मीटरला हवा सुमारे दहा टक्के विरळ होते. सांबरा ७५० मीटरवर, तिथे फारसे जाणवत नाही. लेह ३२५० मीटरवर. तिथे इंजिनाचा जोर घटतो, पंखांना उचल मिळायला जास्त वेग लागतो, आणि तीच धावपट्टी जणू आखडते. म्हणूनच आपल्या हवाई दलाच्या १२६ लढाऊ विमानांच्या खरेदीसाठी २००९-१० मध्ये चाचण्या झाल्या तेव्हा विमानांना बेंगळूर आणि जैसलमेरबरोबर लेहलाही नेले होते.

फुटलेली पट्टी आणि माणसे

चांगली धावपट्टी किती दिवस चांगली राहते? डिसेंबर १९७१ मध्ये मिग-२१ विमानांनी ढाक्याजवळच्या तेजगावची धावपट्टी फोडली आणि तिथली पाकिस्तानी सेबर विमाने धडधाकट असूनही जमिनीवर अडकली. त्याच युद्धात पाकिस्तानने आपली भूजची धावपट्टी फोडली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत ती पुन्हा वापरण्याजोगी केली. मे २०२५ मध्ये पाकिस्तानच्या रहीम यार खानच्या धावपट्टीवर पडलेला खड्डा उपग्रहाच्या छायाचित्रांत सगळ्या जगाने पाहिला.

अशा वेळी ज्याचे विमान अर्ध्या उरलेल्या पट्टीवरून उडते, किंवा दुसऱ्या गावच्या रस्त्यावर जाऊन राहते, तो लढत राहतो. पण रस्त्यावर एकदा उतरून फोटो काढणे वेगळे आणि तिथून आठवडाभर लढणे वेगळे. सप्टेंबर २०२३ मध्ये नॉर्वेची एफ-३५ फिनलंडच्या रस्त्यावर उतरलीच की. तिथे इंधनाचा टँकर, क्षेपणास्त्रांची गाडी, जनरेटर, सुटे टायर, पहारा आणि झाडू मारणारी माणसे आणायची कशी आणि लपवायची कुठे, हे ज्याला जमले त्याचेच तिथे निभावते. ग्रिपेनची खरी कमाल मला इथे दिसते. एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि सक्तीच्या लष्करी सेवेतली पाच पोरे मिळून दहा मिनिटांत त्यात इंधन आणि क्षेपणास्त्रे भरून ते परत उडवतात, अशीच त्याची आखणी आहे.

मग निवडायचे कोणते?

युक्रेनकडे बघा. तिथले बहुतेक तळ सोव्हिएत काळातले, वरून रशियन क्षेपणास्त्रांचा मारा, त्यामुळे विमाने एका जागी ठेवायची सोय नाही. कागदावर ग्रिपेन त्यांच्यासाठीच केल्यासारखे. तरी २०२४ मध्ये आधी आले एफ-१६, कारण नेदरलँड्स, डेन्मार्कसारख्या देशांकडे वापरलेली एफ-१६ देण्याजोगी होती. धावपट्ट्या झाडून-दुरुस्त करून त्यांनी ती चालवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वीडनशी १०० ते १५० ग्रिपेन-ई साठी इरादापत्र झाले. जे हवे ते आणि जे मिळते ते यांत एवढा फरक पडतो. शिवाय ग्रिपेन-ई चे इंजिन अमेरिकन, तेजसचेही अमेरिकन. एफ-४०४ इंजिने वेळेवर आली नाहीत म्हणून तेजस मार्क-१ए किती रखडले ते आपण पाहिलेच आहे.

लहान देश, जवळचा शत्रू, तुटपुंजे तळ अशी परिस्थिती असेल तर मी डोळे झाकून हलके, एका इंजिनाचे, हळू उतरणारे विमान घेईन आणि लांब पल्ल्याचा मोह सोडेन. भारताचे तसे नाही. आपल्याला लांब जाणारे जड विमान लागतेच, त्याच्यासाठी लांब काँक्रीट आणि झाडायची यंत्रे यांवरचा खर्च टाळता येणार नाही. पण शेकड्याने घेत असलेल्या तेजसचा विचार मात्र आखूड पट्ट्यांसाठी व्हायला हवा. त्याची परीक्षा एक्सप्रेसवेच्या उद्घाटनाला, हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात घेऊ नये. जुलैत घ्यावी, दीड किलोमीटरच्या ओल्या रस्त्यावर, एक टँकर आणि दोन ट्रक एवढ्या सामानावर, आठवडाभर तीच माणसे ठेवून. आणि शेवटी इंजिनात कॅमेऱ्याची नळी घालून पात्यांवरच्या खाचा मोजाव्यात.